शेजाऱ्याची खोटी फिर्याद



घरात चोर शिरला तर माणूस ओरडतो आणि सारी गल्ली धावून येते. परंतु सकाळच्या प्रहरी कचेरीचा शिपाई दारात उभा राहतो, हातात नोटीस ठेवतो, आणि ती उघडून पाहावी तो अर्जदार म्हणून आपल्या भिंतीपलीकडच्या माणसाचेच नाव! अशा वेळी ओरडावयाचे तरी कोणाकडे पाहून? ज्या घरातून काल विरजण आणले त्याच घरातून आपल्यावर आळ यावा, हे दुःख दंडाच्या रकमेत मोजता येत नाही. दंड भरून मोकळे होता येते. शेजार मात्र उद्याही तेथेच असतो. घर विकून निघून जाणे सर्वांना परवडत नाही, आणि नव्या घरालाही शेजार असतोच.

मी पस्तीस वर्षे शाळेत शिकवले. खोट्या तक्रारींचा माझा पहिला परिचय कचेरीत नव्हे, वर्गात झाला. "गुरुजी, यानं माझी पाटी फोडली," म्हणून पोर रडत येते. पाटी पाहावी तर ती धड असते. नवा मास्तर त्या पोराला खोटे बोलल्याबद्दल छडी देतो आणि प्रकरण मिटले असे समजतो. जुना मास्तर विचारतो, "काल खेळात तुला घेतलं नव्हतं का रे?" मग खरे रडणे सुरू होते. पाटी फुटल्याची तक्रार खोटी होती; पण काहीतरी फुटलेले होते खरेच. मोठ्या माणसांच्या अर्जांतही पुष्कळदा हाच प्रकार मला आढळला आहे. पुष्कळदा म्हणतो, नेहमी नव्हे. जेथे तसे नसते त्या प्रकरणांकडे मी पुढे वळणार आहे.

याचे एक जुने उदाहरण देहूचे आहे, आणि त्याची साक्ष देणारी बाई आमच्या मराठवाड्याची आहे. संत बहिणाबाई १६२८ साली वेरूळजवळच्या देवगावी जन्मली आणि १७०० साली निवर्तली. तुकोबांना गुरू मानून ती पतीसह देहूस गेली व तेथे राहिली. तेथे मंबाजी गोसावी म्हणून एक मठाधिकारी होता. बहिणाबाईने आपला उपदेश घ्यावा, अशी त्याची इच्छा. तिने नकार दिला. तेव्हा त्याने या कुटुंबाशी वैर धरले, त्यांची गाय आपल्या घरी लपवून बांधून ठेवली, तिला मारले, असे बहिणाबाईने स्वतःच्या आत्मचरित्रपर अभंगांत सांगितले आहे. याच मंबाजीने पुण्यास आप्पाजी नावाच्या अधिकारी पुरुषास तक्रारीचे पत्र धाडले. तुकोबा शूद्र असून कीर्तन करतो, ब्राह्मण त्याच्या पाया पडतात, याने धर्म बुडत आहे, तरी बंदोबस्त व्हावा, असा त्या पत्राचा आशय.

या पत्राकडे जरा बारकाईने पाहावे. तुकोबा कीर्तन करीत होते, ही गोष्ट खरी. ब्राह्मण त्यांना नमस्कार करीत होते, हीही खरी. खोटा होता तो त्यातून काढलेला आरोप. आणि लपविलेले होते ते लिहिणाऱ्याचे दुखणे. महिपतीने अठराव्या शतकात तुकोबांचे चरित्र लिहिताना तुकोबांची म्हैस मंबाजीच्या बागेत शिरली, झाडांची नासाडी झाली, आणि पुढे काट्यांच्या कुंपणावरून मंबाजीने तुकोबांस मारले, ही हकीकत दिली आहे. तुकोबांच्या कीर्तनाला माणसे लोटत होती आणि मठ ओस पडत होता, हेही उघड आहे. पण "याच्या म्हशीने माझी बाग खाल्ली" किंवा "माझ्याकडे कोणी फिरकत नाही," असे पुण्याच्या अधिकाऱ्यास कसे लिहावयाचे? म्हणून म्हैस गेली आणि धर्म आला. आजच्या अर्जांतही म्हैस लिहिलेली नसते. तेथे 'सार्वजनिक हित', 'अतिक्रमण', 'जीवितास धोका' असे शब्द असतात.

महिपती सांगतो की, मार खाल्ल्यावरही तुकोबा मंबाजीच्या घरी गेले, त्याचे अंग चेपले आणि त्याला कीर्तनास घेऊन आले. मी हे सांगतो ते आपणांस तसे करावयास लावण्यासाठी नव्हे. मार खाऊन अंग चेपण्यास जाणे हा संतांचा अधिकार आहे. संसारी माणसाने तो नाटकीपणाने उसना घेऊ नये. ज्याच्या मुलांचे भवितव्य त्या कागदावर टांगलेले आहे त्याने आधी कागदाला कागदाने उत्तर द्यावे. परंतु तुकोबांना मंबाजीचे दुखणे ठाऊक होते, एवढी गोष्ट मात्र आपण घेण्यासारखी आहे.

जालन्याची एक हकीकत सांगतो. नावे अर्थातच सांगणार नाही. घनसावंगीकडून येऊन येथे स्थायिक झालेला माझा एक जुना विद्यार्थी आहे. किराणा दुकान चालवितो. दीड वर्षात त्याच्यावर शेजाऱ्याने चार अर्ज केले. पहिला असा की, हा नळाला मोटार लावून सर्वांचे पाणी ओढतो. ज्यांनी २०१२-१३ च्या दुष्काळातले जालना पाहिले आहे त्यांस या आरोपाचा विखार सांगावयास नको. आमच्याकडे पाणी चोरल्याचा आळ दागिने चोरल्याच्या आळाहून हलका नाही. दुसरा अर्ज, वरची खोली बिनपरवाना बांधली. तिसरा, दुकानाचा कचरा टाकून नाली तुंबवितो. चौथा पोलीस ठाण्यात, शिवीगाळ केली व जिवे मारण्याची धमकी दिली. याच सुमारास विद्यार्थ्याच्या मुलाची सरकारी नोकरीसाठी निवड झाली होती आणि चारित्र्य पडताळणी व्हावयाची होती. बापाच्या नावावरील कागद मुलाच्या आड येतो की काय, या चिंतेने तो एका रात्री मजकडे आला.

"गुरुजी, आता मीही देतो दोन अर्ज ठोकून. त्याच्या अंगावर काय काय घालता येतं ते वकिलाला विचारूनच आलोय."

मी म्हटले, "दे. पण आधी ते चार अर्ज मला आणून दाखव."

दुसऱ्या दिवशी त्याने नकला आणल्या. मी त्या तारखेप्रमाणे लावल्या आणि उत्तरपत्रिका तपासाव्यात तशा वाचल्या. नळाला मोटार नव्हती. त्याची मोटार स्वतःच्या हौदावर होती. खोलीला परवाना होता. नालीत कचरा होता खरा, पण सबंध गल्लीचा होता. धमकीच्या दिवशी तो बाहेरगावी होता आणि त्याच्या प्रवासाची चिठ्ठी होती. एवढे झाल्यावर एक गोष्ट नजरेत भरली. पाण्याच्या अर्जात वरच्या खोलीचा उल्लेख, कचऱ्याच्या अर्जातही वरच्या खोलीचा उल्लेख, धमकीच्या अर्जात धमकी दिली तीही 'वरच्या खोलीच्या खिडकीतून'. खोलीचा काही संबंध नसता ती चारही अर्जांत येऊन बसली होती.

मी शेजाऱ्याकडे गेलो. गृहस्थ वयाने माझ्याएवढेच, बोलावयास सभ्य. पावसापाण्याचे बोलणे झाले, मोसंबीच्या भावाचे झाले. शेवटी मी म्हटले, "त्या वरच्या खोलीचं काय आहे?" ते खाली पाहू लागले. आतून त्यांच्या पत्नीचा आवाज आला, "गुरुजी, आमची न्हाणी वरून उघडी आहे."

खोलीची नवी खिडकी थेट त्यांच्या परसात उघडत होती. त्या घरात दोन सुना होत्या. ही गोष्ट कोणत्या कचेरीत, कोणत्या कागदावर लिहावयाची? लिहिली तर कारकुनापासून शिपायापर्यंत सर्वांच्या तोंडी घरच्या बायकांचे नाव जाणार. म्हणून त्या माणसाने मोटार लिहिली, कचरा लिहिला, आणि कशानेच काही होत नाही असे पाहून धमकी लिहिली. माझ्या विद्यार्थ्यास याची कल्पनाच नव्हती. खिडकी हवेसाठी ठेवली होती. आठ दिवसांत तिला खालच्या अर्ध्या भागात धुरकट काच बसली. ठाण्यात दोघांचे जबाब झाले, शेजाऱ्याने 'माझी आता काही तक्रार नाही' असे लिहून दिले. मुलगा पुढे नोकरीवर रुजू झाला. दोन्ही घरांत अद्याप मोकळे बोलणे नाही, परंतु अर्ज थांबले.

यावरून शेजाऱ्याचे खोटे क्षम्य ठरले, असे मी म्हणत नाही. धमकीचा अर्ज हे निखालस कुभांड होते. त्या दिवशी विद्यार्थी बाहेरगावी नसता तर काय पुरावा देणार होता? लाजेपोटी का होईना, दुसऱ्याच्या मुलाची भाकरी त्यांनी पणाला लावली होती, आणि हे मी त्यांना तोंडावर सांगितले. तरीही माझ्या विद्यार्थ्याने उलट दोन अर्ज ठोकले असते तर खिडकी तशीच राहिली असती आणि आज चाराचे चौदा अर्ज झाले असते.

आता कागदाचे पाहू. नोटीस आली की तीन गोष्टींत माणसे फसतात. काही जण भीतीने उत्तरच देत नाहीत. काही जण नोटीस घेऊन शेजाऱ्याच्या दारात भांडावयास जातात आणि खोट्या शिवीगाळीच्या अर्जास खरी शिवीगाळ पुरवितात. आणि काही जण उत्तरात आपली पाच पिढ्यांची अब्रू लिहून मूळ मुद्दा सोडून देतात. उत्तर मुदतीत द्यावे, आरोप जितके तितकेच लिहावेत, आणि जे खरे असेल ते आधी मान्य करावे. "नालीत कचरा आहे; तो सर्व घरांचा आहे; सोबत छायाचित्र जोडले आहे," हे वाक्य "आरोप धादांत खोटा आहे," या वाक्यापेक्षा अधिकाऱ्यास अधिक पटते; कारण नाली तो स्वतः पाहणार असतो. उत्तराच्या आपल्या प्रतीवर कचेरीचा शिक्का, तारीख व आवक क्रमांक घेतल्यावाचून पायरी उतरू नये. नोटिशीसोबत मूळ अर्जाची नक्कल नसेल तर ती मागावी. न दिल्यास माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा आहे. मात्र चौकशी चालू असताना काही कागद नाकारता येतात, हे लक्षात असू द्यावे.

पोलीस ठाण्याचे नाव ऐकताच घरातील मंडळी हबकतात, म्हणून दोन शब्द. किरकोळ शिवीगाळीसारख्या तक्रारीची बहुधा अदखलपात्र नोंद होते. लोक तिला 'एन.सी.' म्हणतात. न्यायदंडाधिकाऱ्याच्या हुकुमाशिवाय पोलिसांना तिचा तपास करता येत नाही आणि वॉरंटाशिवाय अटकही करता येत नाही. अशी नोंद म्हणजे गुन्हा शाबीत झाला असे मुळीच नव्हे. दखलपात्र गुन्ह्याचा आरोप असेल तर प्रकरण गंभीर. तेव्हा शेजारपाजारच्या सल्ल्यावर न राहता वकील गाठावा. तरी तेथेही, सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत यांत्रिकपणे अटक करू नये, आधी हजर राहण्याची नोटीस देण्याचा विचार व्हावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अर्नेशकुमार खटल्यात बजावले आहे. प्रथम खबरीची नक्कल आरोपीस मिळण्याचा हक्कही त्याच न्यायालयाने २०१६ साली स्पष्ट केला आहे.

"मग खोटी तक्रार करणाऱ्यास काहीच शिक्षा नाही का?" असा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. आहे. १८६० च्या दंडसंहितेत १८२ व २११ ही कलमे त्यासाठीच होती. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्या २१७ व्या कलमान्वये दुसऱ्यास त्रास व्हावा म्हणून सरकारी नोकरास जाणूनबुजून खोटी खबर दिल्यास एक वर्षापर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात; आणि २४८ व्या कलमान्वये गुन्ह्याचा खोटा आरोप रचल्यास पाच वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ऐकून बरे वाटते. परंतु २१७ व्या कलमाखालील फिर्याद आपण स्वतः न्यायालयात लावू शकत नाही. ज्या अधिकाऱ्यास खोटी खबर दिली त्याने किंवा त्याच्या वरिष्ठाने ती लेखी करावी लागते. शिवाय गोष्ट खोटी होती एवढे पुरत नाही. सांगणाऱ्यास ती खोटी असल्याचे ठाऊक होते, हे दाखवावे लागते. माझ्या विद्यार्थ्याच्या शेजाऱ्यास मोटारीचा आवाज येत होता. ती नळावर आहे की हौदावर, हे त्यास ठाऊक नव्हते असे तो म्हणाला असता, आणि ते खोडून काढणे कठीण होते. अब्रुनुकसानीच्या कलमातही अधिकाऱ्यापुढे सद्भावनेने केलेल्या तक्रारीस अपवाद ठेवलेला आहे, आणि तो मला रास्त वाटतो. नाहीतर खऱ्या पीडितानेही तोंड उघडले नसते.

उलट अर्जांची लढाई मांडणाऱ्यांना एका गोष्टीची जाणीव नसते. दोन्हीकडून अर्ज येऊ लागले की पोलीस दोघांवरही शांतता राखण्याच्या हमीसाठी कार्यवाही करतात. बोलीभाषेत तिला 'चॅप्टर केस' म्हणतात. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचे १०७ वे कलम होते, आता नागरिक सुरक्षा संहितेचे १२६ वे. तहसील कचेरीत कार्यकारी दंडाधिकाऱ्यापुढे दोन्ही शेजारी एकाच बाकावर बसतात आणि जामीन कोण राहणार याची शोधाशोध करतात. खरा कोण व खोटा कोण, हा तेथे प्रश्नच नसतो.

आता मी मागे सोडून दिलेला प्रकार. काही तक्रारींच्या मागे खिडकी नसते, म्हैसही नसते. भिंत सरकवून दोन हात जागा बळकवावी, किंवा भीती घालून पैसे काढावेत, एवढाच हेतू असतो. अशा माणसाकडे चहा घ्यावयास जाण्यात अर्थ नाही; आपले गेलेले पाऊल तो दुबळेपणाची कबुली समजतो. तेथे बोलणे लेखी, साक्षीदारांसमक्ष आणि थोडे असावे. जागेचा वाद असेल तर भूमी अभिलेख कचेरीकडून मोजणी करून घ्यावी; नकाशावरच्या रेघेस शिवीगाळ करता येत नाही. गंभीर गुन्ह्याचा खोटा आरोप आला तर अटकपूर्व जामिनाचा मार्ग आहे. केवळ सूडबुद्धीने रचलेली कार्यवाही उच्च न्यायालय रद्द करू शकते, हे १९९० च्या भजनलाल खटल्यापासून प्रस्थापित आहे. हा मार्ग खर्चाचा व वेळखाऊ आहे, हे मात्र सांगितले पाहिजे. हल्ली दारावर कॅमेरा बसविण्याचा प्रघात पडला आहे. तो पुराव्यास उपयोगी पडतो. परंतु त्याचे तोंड आपल्या दाराकडे असावे, शेजाऱ्याच्या परसाकडे नव्हे. नाहीतर खोट्या तक्रारीवरचा उपाय म्हणून आपणच त्याच्या हाती एक खरी तक्रार देऊन बसतो.

हे दोन प्रकार वेगळे ओळखावयाचे कसे? माझी कसोटी साधी आहे. अर्जदाराला काय दिले असता तो थांबेल, हे शोधावे. त्याला धुरकट काच पुरत असेल तर तो पहिल्या प्रकारचा. त्याला आपली जागा, आपला पैसा किंवा आपला पराभवच हवा असेल तर दुसऱ्या प्रकारचा. कधी कधी दुसऱ्या प्रकारचा वाटणारा माणूस पहिल्याच प्रकारचा निघतो, म्हणून एकवार विचारून पाहण्यास हरकत नसावी. मात्र विचारावयास आपण स्वतः जाऊ नये. दोन्ही घरांत ज्याचा चहा होतो असा कोणी वडीलधारा पाठवावा, आणि शक्य तर त्याच्याबरोबर घरातील एखादी प्रौढ बाई असावी. त्या दिवशी आतून वहिनी बोलल्या नसत्या तर त्यांचे यजमान जन्मभर मोटारीविषयीच बोलत राहिले असते.

खेड्यांतून यासाठी महाराष्ट्र सरकारने १५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम काढली. जेथे समितीत निःपक्षपाती माणसे बसली तेथे बांधावरचे पुष्कळ तंटे कोर्टाची पायरी न चढता मिटले. जेथे समितीच गटाची झाली तेथे काय झाले असेल ते श्रोत्यांनी ताडावे. २०२३ च्या मध्यस्थी कायद्यात वस्तीतील शांतता बिघडविणाऱ्या वादांसाठी सामुदायिक मध्यस्थीची तरतूद आहे. दोन्ही पक्षांची संमती तीस लागते, आणि तीतून झालेला समझोता कोर्टाच्या हुकुमासारखा बजावता येत नाही. ज्यांना बजावता येईल असाच निकाल हवा त्यांच्यासाठी लोकअदालत आहे. तेथे आपसांत ठरले की तो निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकुमनाम्यासारखा मानला जातो, त्यावर अपील नाही आणि तेथे वेगळी कोर्ट फीही नाही. अर्ज तालुक्याच्या न्यायालयातील विधी सेवा समितीकडे द्यावयाचा असतो. दावा आधीच दाखल झालेला असला पाहिजे असे नाही, दाखल होण्यापूर्वीचा वादही तेथे नेता येतो. जाताना सर्व नोटिसा, उत्तरांच्या शिक्का घेतलेल्या प्रती आणि मोजणीचा नकाशा तारखेप्रमाणे लावून न्यावा, आणि मूळ कागद घरी ठेवून नकला द्याव्यात.